शोभेचा बांबू : ताण आणि तहान



सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र लागतं, आणि त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत येते. भोवतालचा मुलूख आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. खाली काळा बेसॉल्ट खडक, त्यावर कुठे वीतभर मुरूम, कुठे चांगली काळी माती. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर आणि पाऊस बेभरवशाचा. अशा जागी कारखान्याच्या भिंतीलगत, कचेरीच्या दारात किंवा शाळेच्या आवारात काहीतरी हिरवं असावं असं ज्याला वाटतं, त्याला हल्ली रोपवाटिकेत शोभेचा बांबू सुचवला जातो. 'बांबूला पाणी लागत नाही, एकदा लावला की बघायला नको' हे वाक्यही रोपाबरोबर फुकट मिळतं. या वाक्यात खरं किती आणि खोटं किती, ते आज पाहू. पाणी विकत घ्यावं लागणाऱ्या मुलखात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

यासाठी एक विशिष्ट बांबू घेऊ. त्याच्या काठीची पेरं फुगलेली असतात. खालच्या अंगाला गोल आणि वर निमुळती, जणू एकावर एक सुरया रचून ठेवल्या आहेत. रोपवाटिकेत त्याला 'बुद्धा बेली' म्हणतात. शास्त्रीय नाव बांबुसा व्हेंट्रिकोसा. व्हेंट्रिकोसा म्हणजे पोट सुटलेला. आपण त्याला तुंदिल बांबू म्हणू. हा मूळचा दक्षिण चीनमधला, ग्वांगडोंग प्रांताकडचा. कँटन म्हणजे आजच्या ग्वांगचौ शहरातल्या लिंगनान विद्यापीठात काम करणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्क्लूर यांनी १९३८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. काही शास्त्रज्ञ आता त्याला बांबुसा टुल्डॉइडिस या जातीचाच एक प्रकार मानतात. तो वाद त्यांच्याकडेच राहू द्यावा.

नावाबद्दल मात्र एक खुलासा हवा. पोट सुटलेली, हसरी मूर्ती आपण दुकानांतून पाहतो, ती गौतम बुद्धांची नव्हे. ती चीनमधल्या बुदाई नावाच्या एका भिक्षूची. तो सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला असं मानतात. तेव्हा या झाडाचा संबंध त्या हसऱ्या भिक्षूच्या पोटाशी आहे, तथागतांशी नाही. शिक्षकांनी मुलांना एवढं जरूर सांगावं.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या बांबूची मौज अशी, की त्याचं हे पोट जन्मजात नसतं. चांगल्या खोल जमिनीत, भरपूर पाण्यावर लावला तर तो इतर बांबूंसारखाच सरळ वाढतो. काठी पंचवीस-तीस फूट उंच जाते, पेरं फूटभर लांब आणि अगदी सरळ. मालकाला वाटतं, आपल्याला भलतंच रोप दिलं! पण रोप तेच असतं. त्याच रोपाला कुंडीत कोंडलं, मुळांना जागा कमी पडली, माती हलकी राहिली आणि पाणी बेताचं मिळालं, म्हणजे काठी खुजी होते, पेरं आखूड होतात आणि फुगतात. चीनमध्ये माळी लोक कुंडीत वाढवतात त्या काठ्या तर फूट-दीड फुटाच्याच असतात. थोडक्यात, ज्याला आपण शोभा म्हणतो ती या झाडाच्या ओढाताणीची खूण आहे.

हे कसं घडतं ते समजायला बांबूची वाढ समजून घेतली पाहिजे, आणि त्यासाठी सोलापूरकरांना लांब जायला नको. बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. ज्वारी, ऊस, मका, गहू आणि बांबू ही सगळी एकाच कुळातली भावंडं. ज्वारीचं ताट हातात घ्या: गाठ, पेर, पुन्हा गाठ, आणि प्रत्येक गाठीपासून पेराला कवटाळून निघालेलं पान. बांबूतही हीच मांडणी आहे. फरक एवढाच, की ज्वारीचं पेर आतून भेंडाने भरलेलं असतं, तर बहुतेक बांबूंचं पोकळ. आणि ज्वारी एका हंगामात संपते, बांबूचा कंद जमिनीखाली वर्षानुवर्षं जगतो.

या कंदातून पावसाळ्यात कोंब निघतात. आंबा किंवा लिंब दरवर्षी थोडाथोडा जाड होतो. बांबूचं तसं नाही. कोंब ज्या जाडीचा जमिनीतून वर येतो, जवळजवळ त्याच जाडीची काठी होते. कोंबाच्या आत सगळी पेरं आधीच घडी घालून ठेवलेली असतात. दुर्बिणीची नळी एकातून एक बाहेर ओढावी तशी ती थोड्याच महिन्यांत लांबतात, आणि काठीची उंची कायमची ठरते. त्यानंतर फांद्या फुटतील, काठी पिकेल, कठीण होईल. पण तिचा आकार बदलणार नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की पेर फुगायचं असेल तर ते कोंब लांबत असतानाच फुगणार. सरळ वाढून गेलेल्या काठीचं पाणी मागाहून कितीही तोडलं, तरी तिला पोट सुटणार नाही. ती फक्त वाळेल. आणि दुसरी ही, की यंदा निघणाऱ्या कोंबाचं बळ गेल्या वर्षीच्या पानांनी कंदात साठवलेल्या अन्नावर अवलंबून असतं. कंद उपाशी असेल तर कोंब काडीसारखा बारीक निघतो, किंवा निघतच नाही. म्हणजे पोट हवं असेल तर आधी झाड धष्टपुष्ट पाहिजे, आणि मग नेमक्या वेळी त्याला पाण्याची ओढ लागली पाहिजे.

डाळिंब लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे ऐकून ओळखीचं वाटेल. बहार धरायचा तर आपण काय करतो? पाणी तोडतो, बागेला ताण देतो, पानगळ करतो, आणि मग खत-पाणी सुरू करून फुलं आणतो. पण ताण कोणत्या बागेला देतात? मागचा बहार निघाल्यावर जिला विसावा मिळाला, शेणखत मिळालं, जिच्या काडीत दम आहे, तिला. रोगट, उपाशी बागेला ताण दिला तर बहार येत नाही, झाडच जातं. ताण वेगळा आणि तहान वेगळी. ताण हा मोजून, वेळ पाहून, झाडाची ताकद बघून दिलेला असतो. तहान म्हणजे आपल्या दुर्लक्षाचं नाव. तुंदिल बांबूला ताण मानवतो, तहान मानवत नाही. 'बांबूला पाणी लागत नाही' या वाक्यातली चूक नेमकी इथे आहे.

आता व्यवहाराचं बोलू. तुंदिल बांबू फुगीर पेरांसाठी हवा असेल तर तो कुंडीतच लावावा. कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी, कारण बांबूची मुळं वरच्या थरातच पसरतात. दीड फूट तोंडाची मातीची किंवा सिमेंटची कुंडी चालेल. तळाला मोकळं भोक हवंच. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू, एवढं मिश्रण पुरे. नुसती काळी माती भरू नये. ती ओली असताना चिकटते, वाळल्यावर भेगाळते आणि मुळं तोडते. दिवसातून पाच-सहा तास ऊन लागेल अशी जागा द्यावी.

पहिली दोन वर्षं ताणाचं नाव काढू नये. पाणी नियमित, खत बेताचं. कुंडी कोंबांनी भरू द्यावी. तिसऱ्या पावसाळ्यात नवे कोंब बोटभर वर आले, की कुंडी पत्र्याच्या पडवीत, पण उजेडात घ्यावी, म्हणजे पाऊस आपल्या हातात राहतो. मग रोज पाणी घालू नये. दुपारी पानं सुरळीसारखी वळायला लागली, की संध्याकाळी पाणी द्यावं. पावसाने ओढ दिली की ज्वारीची पानं वळतात, तीच ही खूण. कोंबांची वाढ थांबली, फांद्या फुटू लागल्या, की ताण संपवावा आणि पुन्हा नेहमीसारखं पाणी सुरू करावं. या काळात युरिया देऊ नये. नत्र जास्त झालं की पेरं लांबतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. जुन्या, वाळलेल्या काठ्या दरवर्षी मुळाशी कापाव्यात आणि दोन-तीन वर्षांनी कुंडी सोडवून बेट विभागावं. विभागलेला प्रत्येक तुकडा कंद, मुळं आणि एखादी काठी यांसह लावला, की नवं रोप मिळतं. या बांबूचं बी बाजारात शोधत बसू नये. कोणी विकत असेल तर घेऊ नये.

जमिनीत लावायचा असेल, म्हणजे भिंतीलगत हिरवा पडदा करायचा असेल, तर गोष्ट निराळी. तिथे बहुतेक काठ्या सरळच येणार हे आधी मनाशी मान्य करावं. एकाच बेटात काही काठ्या सरळ, काही फुगीर असंही होतं. मुरमाड जागी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. खालचा मुरूम पहारीने सैल करावा, नाहीतर मुळं खड्ड्यातच गुंडाळून बसतात. खड्डा माती आणि शेणखताने भरावा. खोल काळ्या रानात उलटी काळजी: तिथे पाणी साचतं आणि कंद कुजतो, म्हणून वरंब्यावर किंवा मातीच्या उंचवट्यावर लावावं. भिंतीपासून निदान पाच-सहा फूट आणि दोन बेटांत आठ-दहा फूट अंतर असावं.

लागवड मृगाच्या पावसाबरोबर करावी. पण एक ध्यानात घ्यावं. सोलापूरकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. जून बरा गेला, तरी जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो. पाऊस सुरू झाला म्हणून रोपाकडे पाठ फिरवली, तर ते नेमकं या खंडात जातं. तेव्हा खंडात आणि पुढचे तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दर बेटाला दोन-तीन घागरी पाणी किंवा तितकंच ठिबक हवं. तीन उन्हाळे निघाले, की बेट बरंचसं आपलं आपण सांभाळतं. बांबूची पडलेली पानं झाडून टाकू नयेत. ती बुंध्याशी राहू द्यावीत. ओल टिकते आणि कुजून तेच खत होतं.

पाणी कोणतं द्यायचं, हाही आपल्याकडे प्रश्न आहे. बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असतं आणि बांबूला क्षार सोसत नाहीत. पानांची टोकं तपकिरी होऊन करपू लागली, मातीवर पांढरा थर दिसू लागला, की क्षार वाढले असं समजावं. अशा वेळी पावसाचं पाणी पन्हाळीतून साठवून वापरावं, आणि पावसाळ्यात कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्यावं, म्हणजे क्षार धुऊन जातात. हात-पाय, भांडी धुतलेलं पाणी साबण बेताचा असेल तर बागेला चालतं. पण कारखान्याच्या प्रक्रियेतून निघालेलं पाणी तपासून घेतल्याशिवाय झाडाला कधीही घालू नये. झाड मेलं तर दुसरं लावता येईल. त्याखालची जमीन आणि शेजारची विहीर बिघडली तर ती बदलता येत नाही.

औद्योगिक वसाहतीसाठी आणखी दोन इशारे. बांबूच्या बेटाखालचा पाचोळा चैत्र-वैशाखात कडकडीत वाळतो आणि एका ठिणगीने पेटतो. म्हणून रसायनांची किंवा सुताची कोठारं, तेलाची टाकी आणि विजेची डीपी यांच्याजवळ बेट लावू नये. जिथे आहे तिथला पाचोळा उन्हाळ्यात ओला तरी ठेवावा, नाहीतर उचलावा. दुसरं, विजेच्या तारांखाली उंच जाणारा बांबू लावू नये. वारा सुटला की काठ्या तारांना घासतात.

आता निवडीबद्दल. बांबू म्हणून विकली जाणारी सगळी रोपं एक नव्हेत. काचेच्या भांड्यात पाण्यावर ठेवतात तो 'लकी बांबू' मुळी बांबूच नाही. ती ड्रॅसिना जातीची, आफ्रिकेतली वनस्पती आहे, आणि आपल्या उन्हात ती टिकत नाही. पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला सोनेरी बांबू हा बांबुसा व्हल्गॅरिसचा प्रकार. तो दिसायला फार सुंदर, पण चांगलाच उंच जातो. त्याला जागा आणि पाणी दोन्ही हवीत. त्याच्या बेटात एखादी नुसती हिरवी काठी निघाली तर ती मुळाशी कापावी, नाहीतर हळूहळू हिरव्याच काठ्या माजतात. याच जातीतला 'वामिन' नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्याची खालची पेरं आखूड आणि फुगीर असतात, आणि ती पाणी मिळालं तरीही फुगतात, कारण त्याचं पोट जन्मजात आहे. जमिनीत लावून फुगीर पेरं हवी असतील, त्याने तुंदिल बांबूऐवजी वामिन मागावा. रोपवाटिकेत या दोघांची सर्रास अदलाबदल होते. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये. मूळ बेट जमिनीत आहे का, आणि तिथे त्याची पेरं कशी आहेत, ते पाहूनच रोप घ्यावं.

धावत्या कंदाचे, म्हणजे जमिनीखालून दूरवर पसरत जाणारे काही थंड हवेचे बांबूही शोभेसाठी विकले जातात. ते आपल्याकडे लावू नयेत. इथल्या उन्हात ते रखडतात, आणि जिथे मानवतात तिथे शेजाऱ्याच्या आवारात शिरतात. वर सांगितलेले तुंदिल, सोनेरी आणि वामिन हे तिन्ही बेट करून एका जागी राहणारे आहेत.

शेतकरी बंधूंना एक वेगळी सूचना. शोभेचा बांबू हा उत्पन्नाचा बांबू नव्हे. तुंदिल बांबूची काठी ना टोपलीला कामाची, ना मांडवाला. सोनेरी बांबूत पिष्ट भरपूर, त्यामुळे कापलेल्या काठीला भुंगेरे लवकर लागतात आणि तिचा भुगा होतो. बांधावर काठीसाठीच लावायचा असेल तर मानवेल पाहावा. कोरड्या रानातला, जवळजवळ भरीव काठीचा हा आपलाच बांबू आहे. कोकणातला माणगाही सरळ आणि भरीव असतो, पण त्याला पाणी अधिक लागतं. आणि तोडीच्या परवान्याची धास्ती बाळगू नये. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षात होती. २०१७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढवलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. वनस्पतिशास्त्र ज्याला आधीपासून गवत म्हणत होतं, त्याला कायद्यानेही वृक्षाच्या यादीतून मोकळं केलं.

रोगराई फार नाही. कोवळ्या पानांवर मावा आणि पिठ्या ढेकूण येतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि निंबोळी तेलाने ते आटोक्यात राहतात. खरी भीती शेळ्यांची. माळावर हिरवं दिसेनासं झालं, की कोवळ्या बांबूवर त्यांची नजर जाते. पहिल्या दोन वर्षांत काट्याचं कुंपण हवंच.

शेवटी शिक्षकमित्रांसाठी एक प्रयोग. एकाच बेटातून विभागलेली, सारख्या जोमाची दोन रोपं सारख्या कुंड्यांत लावा. कोंब निघाले की एका कुंडीला रोज पाणी द्या, दुसरीला पानं वळल्यावरच. मुलांना दर आठवड्याला दोरीने पेराची लांबी आणि घेर मोजून वहीत लिहायला सांगा. शेजारी ज्वारीचं एक ताट ठेवा आणि त्याच्याही पेरांची नोंद घ्या. काठी एकदा वाढल्यावर तिचा घेर वाढतो का, हेही पुढच्या वर्षी पुन्हा मोजून पाहा. एक-दोन पावसाळ्यांत मुलांच्या हाती स्वतःची आकडेवारी येईल, आणि एकच बीजगुण परिस्थितीप्रमाणे दोन रूपं कसा घेतो, ते पुस्तकाच्या चार पानांपेक्षा चांगलं उमगेल.

मुलं बहुधा विचारतील, की यातली कोणती कुंडी सुखी? त्यांना सांगावं, की फुगलेलं पोट आपल्याला सुंदर दिसतं, ते झाडाच्या सुखाचं लक्षण नव्हे. ते झाड ओढ सोसूनही जगलं, कारण आधी त्याला कोणीतरी पोटभर दिलं होतं. ज्याला दोन वर्षं नेमाने पाणी देणं जमत नसेल, त्याने हा बांबू लावू नये. त्याने खुशाल कडुलिंब लावावा. आणि ज्याला जमेल त्याने अवश्य लावावा. चिंचोळीच्या माळावरही तो चांगला येईल.